पाहुण्यांपुढे पंप

दीपिकाच्या दम्याचे बीडीडी चाळीतले सर्वात मोठे जाणकार म्हणजे तिचे वडील, नाना. धाप लागली की आडवं पडायचं नाही, ताठ बसायचं, निळा पंप ओढायचा, आणि तो पंप कायम दाराजवळच्या खुंटीलाच हवा, हे त्यांनी अख्ख्या मजल्याकडून घोकून घेतलं होतं. शेजारची चाळ पाडायला घेतली तेव्हा धुळीसाठी खिडक्यांना ओले पडदे लावले तेही नानांनीच. घरात अगरबत्ती बंद. वंदनेला फुलं आणि मेणबत्ती. विहारात कुणी टोकलंच तर नाना म्हणत, "तथागतांना वासापेक्षा पोरीचा श्वास आवडतो."

रविवारी दीपिकाला बघायला पनवेलचे पाहुणे आले. त्या दिवशी मात्र मूर्तीपुढे अगरबत्त्यांचा अख्खा जुडगा धुमसत होता. घर कसं श्रद्धाळू दिसलं पाहिजे, असं नानांचं म्हणणं.

चहा देता देता दीपिकाची छाती आवळली. आत शिट्टी वाजू लागली. ती खुंटीपाशी गेली. खुंटी मोकळी होती, वर पुसूनही घेतलेली.

तिनं वळून पाहिलं. नाना तिच्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांना नेहमीच सगळ्यांच्या आधी कळायचं. मग ते मुलाच्या काकांकडे वळले आणि म्हणाले, "काल आइस्क्रीम खाल्लं हो हिनं. घसा धरलाय."

बोलताना त्यांचा हात सदऱ्याच्या खिशावर होता.

दीपिकानं तो हात बाजूला केला, खिशातून पंप काढला आणि पाहुण्यांसमोरच खुर्चीत ताठ बसून ओढला. श्वास रोखला, सोडला, पुन्हा ओढला. पाहुण्यांनी पोह्यांच्या बश्या मांडीवर तशाच धरल्या होत्या. शिट्टी बारीक झाल्यावर काकांनी विचारलं, हे कधीपासून? लहानपणापासून, दीपिका म्हणाली. पाहुणे कळवतो म्हणाले आणि पोहे न संपवता गेले.

"लग्न झाल्यावर सांगणारच होतो ना," नाना म्हणाले. "दोन घोट चहा होईस्तोवर दम धरायचास."

दीपिकानं खाली जाऊन केमिस्टकडून आणखी एक पंप आणला आणि शेजारच्या चंपाकाकूला दिला. कसा हलवायचा, कसा दाबायचा, आराम पडला नाही तर गाडी करून थेट हॉस्पिटलात कसं न्यायचं, सगळं दाखवलं.

चंपाकाकू गोंधळली. "अगं, पण नानांना सगळं येतं की."

"येतं काकू," दीपिका म्हणाली. "म्हणूनच तुला शिकवतेय."