तेविसाव्या मजल्यापर्यंत

"सर, तुम्ही तो खेळ शेवटपर्यंत खेळलात का?"

वाचनालयाच्या छोट्या सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. प्रश्न विचारणारी होती तोफ. खरं नाव घरी आणि हजेरीपटावर, बाकी सगळीकडे तोफच. पाहुणे होते वर्तमानपत्रात दर रविवारी व्हिडिओ गेमवर लिहिणारे समीक्षक, आणि त्यांना तोंडावर हे विचारायची तोफेची हिंमतच होणार नाही अशी मागच्या रांगेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. गेल्या वर्षी त्या जिंकल्या असत्या. तेव्हा ही बाई वर्गात 'हजर' म्हणतानाही बाकाकडे बघायची. पण यंदा वक्तृत्वात बक्षीस काय मिळालं, तिला स्वतःचा आवाज भलताच आवडायला लागला होता.

मुलांमध्ये समीक्षकांचं नाव होतं साडेसात, कारण खेळ कुठलाही असो, दहापैकी साडेसात. ज्याच्या पायी अख्खा वर्ग महिनाभर येडा झाला, त्याला साडेसात. जो सगळ्यांनी तिसऱ्या दिवशी उडवून टाकला, त्यालाही साडेसात. तोफेने विचारलं होतं ते या दुसऱ्याबद्दल.

साडेसातांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "चाळीस तासांचा खेळ आणि हातात चार दिवस. अकरा तास खेळलो."

"मग गुण कशाचे दिलेत?"

"अकरा तासांचे."

"तसं कुठे लिहिलं होतं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. साडेसातही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तोफेला थांबवून घेतलं. एक नवा खेळ येतोय, त्याची प्रत तुला आधीच देतो, ते म्हणाले. त्यांच्या लेखाशेजारी एका खेळणाऱ्याचं मत छापायचंय. तीनशे शब्द, पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत.

"आणि शेवटपर्यंत खेळ म्हणजे झालं."

"त्यात काय एवढं," तोफ म्हणाली, आणि जिने दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली. पेपरात नाव. तेही साडेसातांच्या बरोबरीने.

घरी येऊन तिने खेळाची माहिती वाचली आणि मटकन खाली बसली. खेळ होता अठरा तासांचा. दिवस होते नऊ. आणि घरातला नियम होता रोज एक तास. हा हिशेब करायला काही हुशारी लागत नव्हती. नियमही कुणी लादलेला नव्हता. सहामाहीत भूमितीत माती खाल्ल्यावर तिनेच भावनेच्या भरात तो कागदावर लिहिला होता, खाली सही ठोकली होती आणि कपाटाच्या दारावर चिकटवला होता.

"आई, फक्त या आठवड्यात दोन तास?"

आई शिवणकाम करायची. गिऱ्हाइकांचे कपडे उसवून, आत घेऊन, उंची कमी करून द्यायची. तिने तोंडातली टाचणी काढली. "सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग मला कशाला विचारतेस?"

विषय संपला.

खेळात तुम्ही असता चाळीस मजली हॉटेलातले लिफ्टमन. बंदूक नाही, पळापळ नाही. माणसं येतात, मजला सांगतात, तुम्ही नेता, आणि जसजसं खेळाल तसतसे वरचे मजले उघडत जातात. पहिल्याच तासात तोफेने मत लिहूनही टाकलं: 'हा खेळ खेळण्यापेक्षा दवाखान्याच्या लिफ्टमध्ये जाऊन उभे राहा. तिथे निदान आरसा तरी असतो. दहापैकी दोन.' मैत्रिणींच्या ग्रुपवर त्याखाली हसून-हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींचा पाऊस पडला. एकीने लिहिलं, साडेसात आता नोकरी सोडणार.

दुसरा, तिसरा, चौथा दिवस जांभया देण्यात गेला. पण सातव्या दिवशी एक गंमत झाली. पिंजरा घेऊन रोज सोळाव्या मजल्यावर जाणारी म्हातारी त्या दिवशी आलीच नाही. खेळात पुढे जायला काहीच अडचण नव्हती, दार लावायचं आणि निघायचं. तोफ मात्र दार उघडं धरून बसली. आतले बाकीचे लोक कुरकुरत होते. ती त्यांच्याकडे लक्षच देईना. तास संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण चार मिनिटं एका खोट्या म्हातारीची वाट बघत होतो. कुणीही सांगितलं नसताना.

आता पंचाईत झाली. दोन गुण तर उडालेच. पण मग किती? पिंजऱ्यात काय होतं, चाळिसाव्या मजल्यावर कोण राहतं, हे कळल्याशिवाय कसं ठरवायचं?

"अगं, संपवला म्हणून लिही आणि मोकळी हो," शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिची जिवलग मैत्रीण चष्मिश म्हणाली. "कोण बघायला येणारे? आणि ते दोन गुणच ठेव, त्याच्यासाठीच सगळ्या पेपर घेणारेत. साडेसात तरी कुठे संपवतात?"

तोफेने अर्धा डबा तसाच बंद केला. भरल्या सभेत त्या माणसाचे कान लाल केले होते तिने.

शनिवारी सकाळी नववा तास संपला, तेव्हा लिफ्ट तेविसाव्या मजल्यावर होती. तोफेने तासभर खाली मान घालून लिहिलं आणि कागद घेऊन पुढच्या खोलीत गेली. आई मशीनवर होती, बाबा शेजारी बसून डब्यातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत होते.

"ऐका. सुरुवात अशी आहे. 'मी हा खेळ संपवलेला नाही. मी नऊच तास खेळले, कारण आमच्या घरी रोज एकच तास खेळता येतं.'"

मशीन थांबलं.

"हे छापून येणार?" आईने विचारलं.

"उद्या."

"अगं, माझी निम्मी गिऱ्हाइकं तो पेपर घेतात. मी काय जेलर आहे का?"

"आज सुट्टीच आहे," बाबा बटणांकडे बघत म्हणाले. "दुपारपर्यंत दोन-तीन तास देऊन टाकू तिला. काय?"

"तीन घे," आई म्हणाली.

गेल्या सोमवारी हे ऐकून तोफ नाचली असती. आता तिने मान हलवली.

"तीन तासांत काही चाळिसावा मजला येत नाही. आणि आई, पुढचंच वाक्य आहे, 'हा नियम मीच केला आहे.' त्यामुळे तू सुटलीस. गुणांच्या जागी लिहिलंय, 'तेविसाव्या मजल्यापर्यंत आठ. पुढचं माहीत नाही.' आरशाचं वाक्य काढून टाकलंय. ते माझं सगळ्यात भारी वाक्य होतं आणि चष्मिश मला आठवडाभर छळणारे. पण ठरलंय माझं. आता कुणी काही सुचवू नका, मी हे असंच पाठवतेय."