चंद्रकांताची कॅसेट

टेपनं फीत गिळली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि बाबुलाल दोनच्या मोटारीनं अड्याळहून निघणार होता.

हा बाबुलाल नागपूरच्या एका नव्या कॅसेट कंपनीचा माणूस. गाणाऱ्या पोरी शोधत तो जिल्हाभर हिंडत होता. आज बाजाराचा दिवस, म्हणून चौकातल्या रेडिओच्या दुकानात बसून लोकांनी आणलेल्या कॅसेटी ऐकत होता. विणकर शकुनबाईच्या पोरीनं, चंद्रकांतानं, आठवड्यापूर्वीच शाळेत पेटी-तबल्यावर एक गाणं भरून ठेवलं होतं. तेव्हा गळा खणखणीत होता. परवापासून मात्र घसा असा बसला, की पोरीच्या तोंडून नुसती हवा निघत होती. जे काय होतं ते त्या एका कॅसेटीत होतं.

आणि श्यामराव, तिचा बाप, पडला हौशी. येईल त्याला गाणं ऐकवायचा आणि कॅसेट तशीच उघडी खिडकीत, उन्हात टाकून द्यायचा. डबीतल्या कागदावर छापलेलं चंद्रकांतानं त्याला दोनदा वाचून दाखवलं होतं : ऊन लागू देऊ नका, धूळ बसू देऊ नका, फितीला बोट लावू नका. "कागदावर तं कायबी लिहून रायते," म्हणून त्यानं ते उडवून लावलं. आज निघता निघता शेजारच्या देवाजीला शेवटचं एकदा ऐकवायचं म्हणून त्यानं बटण दाबलं, आणि पोरीचा आवाज दारुड्यासारखा लडबडला, घोगरा झाला, बंद पडला.

श्यामरावानं झाकण उघडून कॅसेट खेचली. मागोमाग तपकिरी फितीचा हा एवढा गुंता बाहेर आला.

"नोका ओढू!" शकुनबाई हातमागावरून ओरडली.

तोवर फीत तुटली होती.

चंद्रकांता मटकन खाली बसली. शकुनबाई मात्र मागाच्या खड्ड्यातून उठून आली. वीस वर्षं तिनं रेशमाची तार हाताळली होती. तुटलेली तार पाहून रडत बसणाऱ्या बाईच्या मागावर लुगडं कधी पुरं होत नाही.

"सरका बाजूले. कोणी हात लावू नोका," ती म्हणाली. हात साबणानं धुतले, खडखडीत कोरडे केले. सावलीत धुतलेलं पातळ अंथरलं, पंखा बंद केला. मग ती गुंत्याशी बसली. फितीच्या फक्त कडा चिमटीत धरायच्या, एक वेढा सोडवायचा, की चंद्रकांतानं कॅसेटीच्या दात्यात पेन्सिल घालून तेवढीच फीत आत घ्यायची.

"हळू वो पोरी. सैल पडू देऊ नोको, ताणू बी नोको. पीळ पडला काय ते पाह्य."

श्यामराव दारात येरझारा घालत होता. "साडेबारा झाले! काय करून राहिली तू?"

"तुमी शाळेत जा, गुरुजीकडून चिकटपट्टी आना. धावत जा!"

तो खरंच धावला. शकुनबाईनं चुरगळलेली वीतभर फीत ब्लेडनं कापून टाकली, दोन्ही टोकं तिरपी करून एकमेकांना भिडवली, आतल्या अंगानं नखाएवढी पट्टी चिकटवली आणि कडेला उरलेली पट्टी छाटली. जोड नजरेला दिसेना.

"चाल!"

श्यामरावानं सायकल काढली. मधल्या दांडीवर पोरगी, मागं बायको, बायकोच्या पदरात कॅसेट. बाजाराच्या गर्दीतून घंटी वाजवत ती तिघं दुकानापाशी पोचली तेव्हा बाबुलाल बॅग आवरत होता.

"एकच आयका साहेब," शकुनबाई धापा टाकत म्हणाली.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं स्वच्छ गेलं. दुसऱ्यात जोड होता. टक् झालं, दोन शब्द गळाले, आणि आवाज पुढे निघाला तो थेट वरच्या सुराला जाऊन भिडला. दुकानाबाहेर भाजी घेणाऱ्या बाया थांबून ऐकू लागल्या.

बाबुलालनं शेवटपर्यंत ऐकलं. "कॅसेट खराब आहे," तो म्हणाला. श्यामरावानं मान खाली घातली. "आवाज फर्स्ट क्लास आहे. घसा बरा झाला की पोरीला नागपूरला घेऊन या, आमच्या मशीनवर भरू."

चंद्रकांतानं आनंदानं किंकाळी मारली, पण ती काही उमटली नाही. मग शकुनबाईच भर चौकात तिच्या वाटची ओरडली, इतक्या जोरानं, की पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

महिन्याभरानं मायलेकी नागपूरला गेल्या. काचेपलीकडे चंद्रकांता गात होती. अलीकडे ताटाएवढ्या चकरीवर बोटभर रुंद फीत सरसर फिरत होती. शकुनबाई त्या फितीकडे टक लावून पाहत राहिली. गाणं संपलं तसं तिनं मशीनवाल्याला विचारलं, "भाऊ, हे तुटली तं तुमी कशी जोडता? मले दाखवा ना."

तो हसला, आणि तिच्यासाठी त्यानं खुर्ची पुढं ओढली.