मागल्या सीटवरचं वजन

पिशोरच्या अलीकडच्या चढावर शंभरेक माणसं श्वास रोखून उभी होती. रूपानं मूठ पिळली. मोटारसायकल किंचाळली, पण जागची जेमतेम हलली.

"बघा, बसलंय पोरगं मागं!" कोंडाजी भगत गरजला. "मेलेल्याचं वजन जित्याच्या तिप्पट. इंजिन बिचारं काय करंल?"

गाडी रूपाच्या भावाची, राजकुमारची. आठ महिन्यांपूर्वी इथंच गाडी कडेला लावून तो फोनवर बोलत होता. ट्रकनं त्याला उडवलं, गाडीला ओरखडाही आला नाही. आता त्याच गाडीवर रूपा फुलंब्रीच्या दवाखान्यात नर्सच्या कामाला जायची. महिनाभरापासून या चढावर आवाज वाढायचा, वेग मरायचा, आणि पाठीला कुणी टेकल्याचा भास व्हायचा. आरशात बघायची तिची हिंमत होत नव्हती. आई, कडूबाई, रोज सकाळी त्या रिकाम्या सीटवरून हात फिरवी. "राजू, बहिणीला नीट पोचव रं."

भगतानं हँडलवर काळं फडकं टाकलं, आत हात घालून "फट् फट् स्वाहा" करत क्लचला दोरा बांधला. गाडी चढली! पण याआधीच्या उताऱ्यानंतर झालं तसंच, दहा दिवसांत 'वजन' परतलं. भगत म्हणाला, "आता गाडीच माझ्या मठीत सोडा."

त्याच आठवड्यात हाताला भाजलं म्हणून सुलेखा मॅडम दवाखान्यात आल्या. शहरातल्या आयटीआयमध्ये त्या मोटार मेकॅनिक शिकवायच्या. पट्टी बांधता बांधता रूपानं सगळं सांगितलं. मॅडमनी बाहेर येऊन क्लच दाबून बघितला.

"अगं, क्लच घसरतोय. आतल्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात, तेव्हा इंजिनाचा जोर चाकाला जातो. ह्या झिजल्यात. केबलला ढीलच उरली नाही. चढावर जोर लागतो, तिथंच पकड सुटते. कुणी केबल जरा ढिली केली की चार दिवस चालते, प्लेटा आणखी झिजल्या की पुन्हा तेच."

रूपाचा चेहरा उतरला. म्हणजे पाठीशी कुणीच नव्हतं?

"दुरुस्त करू?"

"आज नको. मायसमोर करा."

रविवारी रूपानं भगताला शेवटच्या उताऱ्यासाठी चढावर बोलावलं, पुन्हा गर्दी जमली. निघताना रूपानं क्लचच्या लिव्हरजवळ, केबलची ढील बदलायच्या चकतीवरून शेजारच्या भागापर्यंत नेलपॉलिशची सरळ रेघ ओढली होती. भगताचा मंत्र संपताच तिनं फडकं ओढलं. रेघ तुटून चकती अर्धा फेरा फिरलेली!

"भगतबुवा, ही कुणी फिरवली?"

"आत्म्यानं!"

"मंग आत्म्याला मिस्त्रीकाम येतंय की!" कुणीतरी ओरडलं.

गर्दीतून पुढं येऊन मॅडमनी चकती उलटी फिरवली, गाडी अडली. सुलटी फिरवली, गाडी चढली. तीनदा करून दाखवलं. मग ऑइल काढून क्लच उघडला. जळक्या वासाच्या काळ्या प्लेटा हातोहात फिरल्या. त्या बघत असतानाच भगत पसार झाला.

नव्या प्लेटा बसल्यावर कडूबाई रूपाच्या मागं बसली. दोघींना घेऊन गाडी सरळ वर गेली. वर पोचल्यावर तिनं हळूच विचारलं, "म्हंजी राजू नव्हता?"

"नव्हता, माय."

आठ महिन्यांत पहिल्यांदा कडूबाई मोठ्यानं रडली. खाली आल्यावर पदरानं तोंड पुसून लोकांपुढं उभी राहिली.

"माझं लेकरू गेलं. ते परत येत नसतंय. मी येडी झाले व्हते, अन् ह्या भगतानं माझ्या येडेपणावर आपलं दुकान मांडलं. गाडी बिघडली तर मिस्त्रीकडं न्या, माणूस बिघडलं तर डॉक्टरकडं. अन् रडू आलं तर रडा. पण फडक्याखाली कुणी हात घातला, तर आधी फडकं उचला."