पाण्याखाली ठेवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि एका तळ्याच्या तळाशी पडून आहे. बिचारी बुडाली, असं म्हणून हळहळू नका. माझ्या माणसांनी मला जपण्यासाठीच पाण्याखाली ठेवलं होतं.

हे तळं अमेरिकेच्या पूर्वेकडे, निपमक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात आहे. मी त्याच्याच काठावरचं चेस्टनटचं झाड होते. मोनेक नावाच्या माणसाने बुंध्याशी विस्तव लावून मला आडवं केलं. मग माझ्या पोटात निखारे घालायचे, जळालेलं लाकूड शिंपल्याने खरवडायचं, कडा जळू नयेत म्हणून ओला चिखल थापायचा, असा त्याचा उद्योग कितीतरी दिवस चालला. तो झोपायचाही माझ्याजवळच. त्याची बायको जेवण घेऊन यायची आणि म्हणायची, "एवढी काळजी माझी घेतली असती, तर मीसुद्धा तरंगले असते."

पुढची वर्षं सुखाची गेली. समुद्रातले मासे नदीओढ्यांनी वर चढून आले की मी काठोकाठ भरून परतायचे. मक्याची कणसं, चटया, म्हातारी माणसं, सगळ्यांना मी पलीकडे पोचवलं. मोनेकची मुलगी सोकानू तर माझ्यात बसूनच बोलायला शिकली. थंडी पडण्याआधी मात्र घरचे सगळे मिळून मला दगडांनी भरायचे आणि पाण्याखाली ठेवायचे. उघड्यावर राहिलं की लाकूड गारठून तडकतं. बर्फ वितळलं की दगड काढायचे आणि मी पुन्हा वर यायचे.

हळूहळू इंग्रजांची वसाहत जवळ सरकली. त्यांची डुकरं मक्यात शिरू लागली. तक्रार केली तर उत्तर मिळे, कुंपण घाला. मोनेक पडला समंजस. त्याने कुंपण घातलं, त्यांचा देवही पत्करला. पण शेजारच्या काही जमातींत आणि इंग्रजांत युद्ध पेटलं, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं झालं. पानगळीच्या दिवसांत एका सकाळी शिपाई आले. गावातल्या सगळ्यांना समुद्रातल्या एका उघड्या बेटावर नेणार होते. थोड्याच दिवसांसाठी, असं म्हणत होते.

मोनेकची बायको त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "होडी तयार आहे. पलीकडे रान आहे. चल."

"पळालो तर आपणच गुन्हेगार ठरू," मोनेक म्हणाला. "आपण कुणाचं काय वाईट केलंय? बर्फ वितळलं की परत येऊ."

आणि तो मला दगडांनी भरू लागला. आपलीच होडी बुडवणारा हा वेडा पाहून शिपाई हसले. चढा सगळे, मी नेते तुम्हाला, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण होडीला कुठली वाचा? ते दुःख अजून माझ्या पोटात आहे.

बर्फ वितळलं. कुणीच आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वितळलं, तेव्हाही नाही.

बऱ्याच वर्षांनी एक बाई छातीइतक्या पाण्यात उतरली आणि पायाने चाचपून तिने मला शोधलं. ती सोकानू होती. इंग्रजांच्या घरी राबून तिचे हात खरखरीत झाले होते. तळ्याभोवतीची जमीनही आता इंग्रजांची होती. काठावर तिची लहानगी मुलगी उभी होती.

"बेटावर तुझे आजोबा वाळूतले शिंपले उकरून आम्हाला भरवायचे," सोकानू तिला सांगत होती. "स्वतः उपाशी राहायचे. थंडी संपायच्या आत तेही गेले, आजीही गेली."

तिने माझ्यातला एक दगड उचलला. मुलगी म्हणाली, "आई, काढूया ना हिला वर."



"वर काढली की दिसेल," सोकानू म्हणाली. "आणि दिसली की हीसुद्धा नेतील."

तिने दगड परत माझ्यात ठेवला. माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि ती गेली. त्यानंतर ती आली नाही.

मित्रांनो, आताशा माणसं यंत्रं घेऊन पाण्यात डोकावतात. सापडले तर तुम्ही मला काचेआड नीट जपाल, हे मी जाणते. पण त्याआधी एक करा. सोकानूचे वंशज याच मुलखात राहतात. त्यांना हाक मारा. माझ्यातले दगड त्यांनीच काढायचे राहिले आहेत.