मामाचा गोल

चेंडू झेलायच्या जाळीदार काठीच्या वाकणात, जिथं हिकरीचं लाकूड वाफेवर नरम करून वळवलेलं असतं, तिथं एक गाठ होती – हरभऱ्याएवढी, काळसर – आणि लीलँडचा अंगठा सकाळपासून तिच्यावरूनच फिरत होता. मारलीनला, त्याच्या धाकट्या बहिणीला, जुळे मुलगे झाले ते हे वर्ष. एका घरात दोन पाळणे, दोन्ही पाळण्यांत लीलँडच्या मामानं स्वतः केलेल्या वीतभर काठ्या ठेवलेल्या, आणि त्याच थंडीत मामा वाळत गेला. आधी हातातली पटाशी सुटली, मग जेवण.

गाठ असलेलं लाकूड मामा घेत नसे. चुलीत घालायचा. ही एकच काठी त्यानं ठेवली होती, लीलँडला मिसरूड फुटत होतं तेव्हा. ‘मोडली तर गाठीपाशी मोडेल,’ म्हणाला होता, ‘आणि तिथं नाही मोडली, तर कुठंच नाही मोडणार. बघू.’ ते ‘बघू’ लाकडाबद्दल होतं की माझ्याबद्दल, हे विचारायचं राहूनच गेलं...

आई मक्याच्या सूपचं मोठं पातेलं घेऊन दारात आली. काठी चौकटीला टेकलेली. लाकडी काठीला बायका हात लावत नाहीत, म्हणून तिनं पातेलं छातीपर्यंत उचललं आणि अंग चोरून कडेनं गेली.

“तुझी काठी माझ्या वाटेत आहे.”

“घेतो.”

“आणि तूही आहेस. ऊठ. भाऊ माझा तिकडे केव्हाचा जाऊन बसलाय.”

तो उठला, आणि उठताना उजवा गुडघा वाजला. आईनं ऐकलं. हा गुडघाच तर होता सगळ्याच्या मुळाशी. आज शनिवार, संध्याकाळी शहरात क्लबचा अंतिम सामना – स्केटिंगच्या बर्फावर फळ्या, फळ्यांवर हिरवी चटई, वर दिव्यांचा डोंगर – आणि गुरुवारी सराव संपल्यावर कोचनं त्याला बाजूला घेतलं होतं. ‘तू आता पुढं नको. मागं राहा, पोरांना चेंडू दे. पटत असेल तर शनिवारी ये. नसेल तर तेही शनिवारीच सांग, तुझ्या जागी उभा करायला माणूस आहे.’ लीलँडनं काठी उचलली होती. तो गाडीत बसला होता आणि घरी येईपर्यंत त्यानं मनात सामान आवरलं होतं – हेल्मेट, हातमोजे, नाव लिहिलेला सदरा. मागं राहायचं असेल तर राहायचंच कशाला. आठवडाभर कामावर, उंच इमारतींच्या लोखंडाच्या तुळयांवर चढायचं, खाली गाड्या काडेपेट्यांसारख्या, वर वारा. तिथं माणूस नीट चालला म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्या शनिवारच्या. मी त्या शनिवारासाठी चढत होतो – इतकी वर्षं – हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तसंच होतं.

आणि क्लबची सक्त ताकीद होती, अंतिम सामन्याआधी दुसरीकडे कुठंही खेळायचं नाही. पण मामानं खेळ मागितला होता, आजाऱ्याला बळ यावं म्हणून आमच्यात खेळतात तो. आजारी माणूस खेळ मागतो तेव्हा नाही म्हणायची रीत नाही. क्लबला हे सांगून कळलं नसतं, म्हणून त्यानं सांगितलंच नाही.

लाँगहाऊसच्या, आमच्या लांबलचक सभाघराच्या, मागच्या मैदानात दव होतं. विस्तवात तंबाखू वाहून झाली होती, म्हणायचे ते शब्द म्हणून झाले होते. दोन्ही टोकांना जमिनीत दोन-दोन खुंट. हेल्मेट नाही, पंच नाही, घड्याळ नाही. मामा घोंगडी पांघरून खुर्चीत बसला होता, आणि खुर्ची एवढी मोठी कधी झाली असं लीलँडच्या मनात आलं. म्हातारे विरुद्ध तरणे, असं ठरलं होतं. लीलँड सवयीनं तरण्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

“पोरांनो,” पलीकडून डेल्मर ओरडला – मामाचा दोस्त, पुढचे चार दात याच खेळात गमावलेला – “तुमच्यात कुणाचा तरी बाप घुसलाय बघा.”

पोरं हसली. लीलँडनं मामाकडे पाहिलं. मामानं बोट दाखवलं नाही. नुसते ओठ पुढं काढले, म्हाताऱ्यांच्या दिशेनं.

“ये इकडे,” डेल्मर म्हणाला. “तुझ्या गुडघ्याच्या मलमाचा वास आमच्याच बाजूचा आहे.”

मैदान ओलांडायला किती वेळ लागतो... त्याला वाटलं, हे सगळे मिळून ठरवून करताहेत, कोच आणि मामा आणि हे बोळके म्हातारे. कानशिलं तापली. हरणाच्या कातड्याचा चेंडू वर उडाला, आणि त्या रागातच त्यानं तो हवेत झेलला, एका पोराला खांद्यानं ढकललं, दुसऱ्याला चकवलं, गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठं गेलं, आणि खुंटांमधून चेंडू असा मारला की मागच्या गवतात दव उडालं. आणि त्याचा हात वर गेला. काठीसकट, पूर्ण वर. शनिवारी दिव्यांखाली जायचा तसा.

मैदान गप्प झालं.

कुणी रागावलं नव्हतं. नुसते गप्प झाले होते, जेवताना कुणी परक्याच्या ताटात हात घातला तर होतात तसे. हात खाली घ्यावा की तसाच ठेवावा, हे त्याला कळेना.

“लीलँड,” मामा म्हणाला. आवाज बारीक होता, पण पोचला. “तो माझा होता.”

“गोल आजाऱ्याचा. हात त्याचा वर जायला हवा,” डेल्मर म्हणाला. “तुझा कशाला?”

मग घोंगडी हलली. तिच्यातून एक हात निघाला – काडीसारखा, ज्या हातानं या मैदानावरच्या निम्म्या काठ्या वळवल्या होत्या – आणि थांबत थांबत डोक्याच्या वर गेला. “हं,” मामा म्हणाला, “आता झाला.” आणि सगळे हसले, पोरंही, म्हातारेही, आणि लीलँडला कळलं की आपणही हसतोय, पोटातून, कित्येक हंगामांत हसलो नव्हतो तसं.

पुढचं त्याला तुकड्यांतच आठवतं. म्हातारे धावत नव्हते. चेंडू धावत होता. डेल्मर उभ्या जागी वळायचा आणि चेंडू तिसरीकडेच निघालेला असायचा, पोरं त्याच्या मागं, धापा टाकत. लीलँडही थांबायला लागला. थांबलं की दिसतं – कोण कुठं मोकळा होणार आहे, तो मोकळा व्हायच्या आधी. तुळईवर दिसतं तसं, पुढचं पाऊल टाकायच्या आधी. ही नजर माझ्याकडे होतीच. मैदानात तिला मी कधी येऊ दिलं नव्हतं. आता तिला येऊ दिलं, आणि त्यानं चेंडू दिला, पुन्हा दिला, आणि प्रत्येक गोलाला खुर्चीतला हात वर गेला, प्रत्येक वेळी थोडा लवकर. पोरांनी मारलेल्या गोलांनाही जात होता. शेवटचा चेंडू लीलँडनं डेल्मरला दिला, आणि त्या बोळक्यानं तो न बघता खुंटांमधून घातला. ठरलेले गोल म्हाताऱ्यांचे आधी झाले.

चेंडू मामाच्या मांडीवर ठेवला. आईनं वाडगा दिला. मामानं सूप घेतलं, आणि वाडगा पुन्हा पुढं केला. आई तोंड फिरवून पातेल्यात डाव घालत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ.

“मोडली नाही,” मामा लीलँडच्या काठीकडे बघत म्हणाला.

“बघू,” लीलँड म्हणाला.

“चल, पळ आता. तिकडे चटईवर वाट बघत असतील. आणि मलम धुऊन जा.”

संध्याकाळी, मैदानात उघडणाऱ्या बोळात, ढोल आणि हजारो पाय भिंतींतून ऐकू येत असताना कोच त्याच्याजवळ आला. “मग? काय ठरलं?”

लीलँडला क्षणभर समजेना, हा कशाबद्दल विचारतोय. गुरुवार फार मागं पडला होता. हातात नेहमीची, सामन्याची प्लास्टिकची काठी होती, गुळगुळीत, आणि तरी अंगठा तिच्या वाकणात काहीतरी शोधत होता. पुढं उभ्या असलेल्या पोरांच्या पाठी त्याला दिसत होत्या – कोण डावीकडे झुकून निघणार, कोण उजवीकडे – आणि त्याच्या छातीत काहीतरी इतकं मोठं, इतकं मोकळं झालं होतं की ते एका माणसात मावण्यासारखं नव्हतं. “मी मागं आहे,” तो म्हणाला, आणि दार उघडलं, आणि उजेड आला.

एल्वुड हेनहॉक, माझा – लीलँडचा – मामा, माझ्या आईचा भाऊ, त्याच वर्षी मका खुडून झाल्यावर, पहिला बर्फ पडायच्या आधी वारला. त्याची काठी त्याच्यासोबत दिली.