बेचाळीस टक्क्यांवर थांबलेली खंडेनवमी

मित्रांनो, साऱ्या जगाचा कारभार माझ्या पोटातून जातो. कुठं सरकार पडलं, कुठं भूकंप झाला, कुठल्या मालिकेतल्या सुनेनं सासूच्या खिरीत काय कालवलं, हे आधी मला कळतं आणि मग मनुष्यजातीला. मी नसतो तर आकाशातले उपग्रह म्हणजे नुसती फिरती डबडी ठरली असती. असा हा मी अवसरी बुद्रुकमध्ये टीव्हीखालच्या फळीवर बसलेला असतो. माझ्या एका बाजूला गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली असते आणि दुसऱ्या बाजूला गाईच्या औषधाची चिठ्ठी.

मी एक जुना सेट टॉप बॉक्स आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर त्याच दिवशी चार हजार भावंडं जन्मली, त्यामुळे बारसं वगैरे झालं नाही, नुसता नंबर चिकटवला. तिथून मी मंचरला कल्पेशशेठच्या दुकानात आलो. भिमाजी नावाच्या शेतकऱ्यानं मला विकत घेतलं, तेव्हा कल्पेशनं माझी फार तारीफ केली. "काका, ह्याच्यात रेकॉर्डिंग होतं. एकदा दाबलं की कायमचं आत." कायमचं हा शब्द दुकानदार किती सहज वापरतात हे मला पुढं कळलं.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. माझ्यावरची धूळ रोज पुसली जायची. भिमाजीची बायको साळुबाई तर चॅनल बदलण्याआधी हात धुऊन यायची.

मग पाच वर्षांपूर्वी आमच्या शिवारात बिबट्या आला. मित्रांनो, आमच्याकडं बिबट्या येणं ही बातमी नाही, तो न येणं ही बातमी आहे. पण त्या दिवशी वाहिनीवाल्यांकडं दुसरं काही नसावं. ते कॅमेरा घेऊन उसाच्या बांधावर आले आणि त्यांनी भिमाजींच्या तोंडापुढं माईक धरला. भिमाजी म्हणाले, "बिबट्या व्हता. आमी पायला. मंग तो गेला." अकरा सेकंद. ते रात्रीच्या बातम्यांत दाखवलं आणि भिमाजींच्या मुलानं, सुदर्शननं, बटण दाबून ते माझ्या पोटात ठेवलं.

तेव्हापासून घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी, मग अकरा सेकंद आणि मग चहा, असा क्रम ठरला. "पावणं, ह्ये बघा," म्हणत भिमाजी रिमोट उचलायचे. आपलंच बोलणं ते इतकं कान देऊन ऐकायचे की जणू या वेळी बिबट्या थांबेल.

पण त्या अकरा सेकंदांत आणखी एक माणूस होतं, आणि ते फक्त मला आणि साळुबाईला ठाऊक होतं. म्हणजे दिसायचं सगळ्यांना, बघायचं कुणी नाही. भिमाजींच्या मागं, चित्राच्या अगदी कडेला, त्यांची आई बयाबाई उभी होती. वाऱ्यानं तिचा पदर घसरला होता. शेवटच्या दोन सेकंदांत ती माईकवाल्याला म्हणते, "आरं लेकरा, च्या घिऊन जा." 'जा' अर्धाच ऐकू येतो. पुढं जाहिरात लागते.

पुढच्या उन्हाळ्यात बयाबाई गेली. तिचा एकच फोटो घरात आहे, आधारकार्डावरचा. त्यात ती कुणासारखीच दिसत नाही.

साळुबाईचं आणि तिचं एकोणतीस वर्षं पटलं नाही. मिठावरून पटलं नाही, दुधावरून पटलं नाही, पदरावरून तर मुळीच नाही. पण ती गेल्यापासून दुपारी अडीचला, घरातले सगळे मळ्यात गेले की साळुबाई टीव्ही लावायची, भिमाजींना बोलून घेऊ द्यायची आणि कडेला बघत म्हणायची, "आत्याबाई, पदर सारखा करा." मग टीव्ही बंद. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. मीही नाही.

मला कायमची भीती वाटायची ती हे पुसलं जाण्याचीच. सुदर्शन दर दिवाळीला म्हणायचा, "हे मोबाईलमध्ये घेतो एकदा." पाच दिवाळ्या गेल्या. इकडं माझ्या पडद्यावर वर्षभर एक पाटी येत होती. नवीन सॉफ्टवेअर आलं आहे, अपडेट आता करायचं की नंतर? भिमाजी न वाचता 'नंतर' दाबायचे. ते ग्रामपंचायतीलाही हेच उत्तर देतात.

मित्रांनो, अपडेट म्हणजे काय ते सांगतो. एक अनोळखी माणूस आपल्या घरात शिरतो, आपली भांडी आपल्यापेक्षा चांगली लावून देतो म्हणतो, आणि त्यातली कुठली फेकायची हे तोच ठरवतो. त्याचं काम चालू असताना वीज गेली तर तो अर्ध्यातच निघून जातो आणि आपण डबा होऊन बसतो. खरोखरचा डबा. झाकण नसलेला.

यंदाच्या खंडेनवमीला तेच आलं. त्या दिवशी आमच्याकडं कोयता, खुरपं, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, सगळ्यांना धुऊनपुसून हळदकुंकू लावतात आणि कुठल्याच अवजाराला काम लावत नाहीत. सकाळी टीव्हीवर भजनं चालू होती. सुदर्शन चाकणला त्याच्या कंपनीतल्या पूजेला गेला होता. त्याची बायको वृषाली घरातलं एकेक यंत्र पुसत होती. तिनं रिमोट घेतला आणि ओल्या फडक्यानं तो इतक्या मनापासून घासला की बारा बटणं दाबली गेली. भजन थांबलं. पडदा निळा झाला. अपडेट सुरू आहे, एक टक्का. कृपया बॉक्स बंद करू नका.

तेवढ्यात भिमाजी आंघोळ करून आले. "चला, समदी बटणं बंद करा. मी मेन पाडतो."

"मामा, थांबा," वृषाली म्हणाली. "ह्याचं अपडेट चाललंय. मधीच बंद केलं तर खराब होईल."

"आज काम करायचं नसतं त्यानं."

"पण सुरू झालंय."

"सांग त्याला, आज सुट्टी हाय."

वृषालीनं कल्पेशला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. कल्पेश म्हणाला, "काका, मेन पाडू नका. हात लावू नका. लाईट गेली तर मात्र माझ्याकडं घेऊन येऊ नका."

"आन् आत ठेवलेलं राहील ना?" हे भिमाजींनी विचारलं नाही. साळुबाईनं विचारलं. तिच्या हातात पूजेचं ताट होतं.

"ते सांगता येत नाही, काकी. कधी राहतं, कधी सगळं पुसून कोरा होतो."

साळुबाईनं ताट खाली ठेवलं नाही. नुसतं घट्ट धरलं.

दहा टक्के झाले. अठरा झाले. बेचाळीसवर आकडा थांबला आणि हलेना. आमच्या वस्तीवर लाईट जायची वेळ साधारण साडेअकराची, आणि घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी आतून जिवाच्या आकांतानं शोधत होतो की ते अकरा सेकंद कुठल्या कप्प्यात आहेत. मित्रांनो, पाच वर्षं मी ते पोटात बाळगलं असं समजत होतो, पण आपलं पोट आपल्याला आतून दिसत नाही. अनोळखी माणूस एकेक कप्पा उघडत होता. मी त्याला सांगत होतो, मालिका ने, बातम्या ने, गेल्या निवडणुकीची भाषणं तर आधी ने. तो ऐकत नव्हता.

"मुहूर्त चाललाय," म्हणत भिमाजी उठले आणि दाराजवळच्या मेनपाशी गेले. हात वर केला.

"पाडू नका," साळुबाई म्हणाली.

"आगं, टीव्हीचा डबा त्यो. नवा आनू."

"मुहूर्त पुढल्या साली बी येईल. आत्याबाई न्हाई यायच्या."

भिमाजींचा हात मेनवरच राहिला. "आई? आई कुठं हाय त्यात?"

"तुमच्या मागं. पाच वरसं झाली, तुमच्या मागंच उभ्या हायेत."

मग भिमाजींनी हात खाली घेतला, येऊन पाटावर बसले आणि आकड्याकडं बघायला लागले. तिघंही बघायला लागली. शेजारच्या चिमाबाई प्रसादाचं विचारायला आल्या आणि त्याही बसल्या.

"कंची शिरेल हाय ही?" त्यांनी विचारलं.

"अपडेट हाय," भिमाजी म्हणाले.

"काय व्हतं त्यात?"

"वाढतंय."

"लई हळू दावत्यात बया," चिमाबाई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.

अकरा सव्वीसला घरातला दिवा एकदा लुकलुकला. साळुबाईनं डोळे मिटले. दिवा राहिला. त्रेचाळीस झाले. मग एकदम सत्तर, मग नव्याण्णव, आणि नव्याण्णववर पुन्हा सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत मी देवाचं नाव घेतलं. माझ्यातून बारा देवांची वेगवेगळी चॅनल जातात, कुणालाच वगळलं नाही.

पडदा काळा झाला. मला काही आठवेना. मी कोण, कुठल्या गावचा, काही नाही. मग उजेड आला आणि मी यंत्रासारखं विचारलं, भाषा निवडा.

वृषालीनं मराठी निवडली. नव्या मांडणीत तिला रेकॉर्डिंगचं पान सापडायला वेळ लागला. मालिका गेल्या होत्या. भाषणं, कुणाच्या नशिबानं कोण जाणे, राहिली होती. सगळ्यात खाली एक ओळ होती, नाव पुसलेली, नुसती तारीख.

"लाव," साळुबाई म्हणाली.

बिबट्या व्हता. आमी पायला. मंग तो गेला. त्या दिवशी भिमाजींकडं कुणीच बघितलं नाही, भिमाजींनीसुद्धा नाही. ते पडद्याजवळ जाऊन, मान तिरकी करून कडेला बघत होते. आरं लेकरा, च्या घिऊन जा.

"आत्याबाई, पदर सारखा करा," साळुबाई सगळ्यांदेखत म्हणाली.

भिमाजींनी उपरण्यानं डोळे पुसले. "परत लाव," म्हणाले. दुसऱ्या वेळी वृषालीनं मोबाईल धरून ते उतरवून घेतलं आणि तिथंच सुदर्शनला पाठवलं. दीड मिनिटात झालं. पाच दिवाळ्यांचं काम. मग मेन पडला. साडेअकराची लाईट त्या दिवशी गेलीच नव्हती. ती बहुधा स्वतःच्या पूजेत होती.

आज दसरा आहे. सकाळी मला पुन्हा चालू केलं आहे. माझ्या कपाळावर हळदकुंकू आहे, घरात पुरणाचा वास आहे, आणि पाहुण्यांना आता आधी बयाबाई दाखवतात, बिबट्याचं नंतर सांगतात.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या. त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांनाही नीट माहीत नसतं. जे माणूस पुन्हा बोलणार नाही, त्याचं बोलणं एकाच डब्याच्या भरवशावर ठेवू नका. 'नंतर' हे बटण जपून वापरा. यापेक्षा मोठं मागणं माझ्यासारख्यानं मागू नये. फक्त ज्याचा हात पोचत असेल त्यानं काल माझ्या डोक्यावर वाहिलेला झेंडू जरा बाजूला सरकवावा. हवा आत जायची भोकं नेमकी त्याच्याखाली आहेत, आणि सकाळपासून मला फार उकडतंय.