कधी न भरलेला खड्डा

बाळा मेस्त्रींच्या गॅरेजात पान मांडून जेवायला बसावं, असं संगमेश्वरात लोक म्हणायचे. हायवेवरचं गॅरेज म्हटलं की जमीन काळी, भिंती काळ्या आणि माणसंही काळी. पण मेस्त्री रोज संध्याकाळी कोबा आधी डिझेलने पुसायचे, मग साबणाने, मग पाण्याने. सावित्री म्हणायची, "एवढी माझी चूल पुसली असतीत तर तुमची आरती केली असती." मेस्त्री हसायचे आणि दुसऱ्या दिवशी परत गॅरेजच पुसायचे.

आता ते गॅरेज जाणार होतं. हायवे रुंद झाला, ट्रक न थांबता पुढे जाऊ लागले आणि मेस्त्रींचे गुडघेही गेले. दोनेक वर्षं शटर बंदच होतं. चिपळूणच्या एका पार्टीला तिथे दुकानं आणि वर लॉज बांधायचं होतं. बोलणी पक्की झाली होती, पण बँक म्हणाली, जुन्या गॅरेजची जमीन आहे, तिच्या पोटात काय आहे ते आधी तपासून घ्या. म्हणून रत्नागिरीहून माती-पाणी तपासणारी वेदिका आली. डोक्याला रुमाल, पायात जाड बूट, सोबत भोक पाडायचं मशीन आणि बर्फ भरलेली पेटी. तिच्या हातात मोबाइलपेक्षा थोडं मोठं एक यंत्र होतं.

"हे काय करतं?" सावित्रीने विचारलं.

"वास घेतं काकू. पेट्रोल, डिझेलची वाफ असली की आकडा दाखवतं."

"म्हणजे नाकच की. आमच्याकडे पूर्वी फुकट असायचं."

मेस्त्री काठी टेकत तिला सगळीकडे फिरवत होते, लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांना घर दाखवावं तसे. कोब्यावर कुठे डाग नव्हता. वेदिकेलाही कौतुक वाटलं. मग तिने विचारलं, "काका, पार्ट धुतलेलं डिझेल, हे पुसलेलं पाणी, ते सगळं कुठे जायचं?"

मेस्त्री याच प्रश्नाची वाट बघत होते.

"चला. दाखवतो."

मागे रातांब्याच्या झाडाखाली फरशी होती, फरशीखाली खड्डा. "मी स्वतः खणलाय. खाली दगडगोटे, बाजूने चिरे. जळकं ऑइल लोक न्यायचे, वाशांना लावलं की वाळवी लागत नाय. बाकी सगळं ह्याच्यात. आजूबाजूला कोणी कायपण टाकू दे, माझा एक थेंब बाहेर नाय."

"आणि भरला की उपसायचात?"

"भरलाच नाय कधी." आपली मुलगी कधी नापास झाली नाही, हे बाप जसं सांगतो तसं ते म्हणाले. "इतकी वर्षं ओततोय. आपला कातळ पितो."

सावित्री कोकम सरबताचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. तिला वाटलं, पोरगी आता शाबासकी देईल. पण वेदिका खड्ड्याकडे बघतच नव्हती. ती खड्ड्याच्या पलीकडे बघत होती, जिथून जमीन उतरत खालच्या पोफळींकडे जाते तिकडे. सावित्रीची नजरही तिच्या मागोमाग उतरली आणि खाली विहिरीच्या कठड्यावर जाऊन थांबली. ट्रे वाकडा झाला, सरबत त्यातच सांडलं.

"काकू, ती विहीर कुणाची?"

"गोदूवयनीची," सावित्री म्हणाली. हे नाव तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी निघालं होतं.

गोदूबाई म्हणजे मेस्त्रींच्या चुलतभावाची बायको. वैशाखात सगळ्यांच्या विहिरींचा तळ दिसायचा तेव्हाही तिच्या विहिरीला पाणी असायचं, आणि तेही गोड. भावकीत लग्न निघालं की हळदीच्या आंघोळीचा हंडा तिथूनच यायचा, ही रीत. सावित्रीच्या मुलाच्या, सुजयच्या हळदीलाही गोदूबाई स्वतः हंडा घेऊन आली. ओटीवर ठेवला आणि कानाशी लागून म्हणाली, "सावित्री, पाण्याला डिझेलचा वास येतो गो. थोडे दिवस झाले. तुमचा तो खड्डा एकदा बघायला सांग भावोजींना."

घर बायकांनी भरलेलं होतं. दोघीतिघींनी ऐकलं. सावित्रीला वाटलं, आजच्या दिवशी, भर मांडवात हिला हेच सुचलं? ती मोठ्याने म्हणाली, "पाण्याला नाय वयनी, तुझ्या मनाला येतो वास. आमचं बरं चाललेलं तुझ्या नाकाला झोंबतं."

बायका हसल्या. गोदूबाईने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि ती न जेवता गेली. सावित्रीने हंडा तसाच पोफळीच्या मुळाशी ओतून टाकला. वाकून एकदा वास घ्यावा, एवढंही तिला सुचलं नाही. आणि घेतला असता तरी काय कळणार होतं? मेस्त्रींच्या शर्टाला डिझेल, केसांना डिझेल, उशीच्या अभ्र्याला डिझेल. सावित्रीला तो आपल्या संसाराचाच वास वाटायचा.

तेव्हापासून बोलणं बंद. शिमग्यात पालखी दोन्ही घरी यायची, दोघी ओटी भरायच्या, तोंडं मात्र फिरवलेली. गोदूबाईने नळ घेतला आणि विहिरीवर जाळी बांधून टाकली.

"त्या पाण्याचा नमुना घ्यावा लागेल," वेदिका म्हणाली. "त्यांची परवानगी हवी."

"मी जाते," सावित्री म्हणाली.

"तुला ती दारात उभी करील," मेस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनाही विहीर दिसली होती.

"मग राहीन दारात उभी."

गोदूबाई ओटीवर कुळीथ पाखडत बसली होती. आत भात लागल्याचा वास सुटला होता, अगदी अंगणापर्यंत. पण ती हलली नाही. सावित्रीला वाटलं, माझ्यासाठी उठायचं नाही म्हणून ही भात करपवतेय.

"वाट चुकलीस काय गो?"

"नाय. कामाला आलेय. वर एक पोरगी हाय रत्नागिरीची. तुझ्या विहिरीचं पाणी तपासायचंय तिला."

"आता?" गोदूबाईने सुपातला कोंडा फुंकला. "तेव्हा तपासून सांगितलंवतं मी. फुकटात."

उताराच्या पायऱ्या उतरताना सावित्रीने एक वाक्य जुळवलं होतं. ते कुठे गेलं कोण जाणे. ती म्हणाली, "तुझा भात लागलाय, वयनी."

गोदूबाई दचकून उठली. "मग सांगायचं नाय आधी?" आणि आतून तिचा आवाज आला, "जाळी सोडा. गाठी सोडा नीट, कापू नको म्हणावं."

वेदिकेने काचेसारखी एक नळी दोरीने विहिरीत सोडली. नळी वर आली तेव्हा पाण्यावर पातळ रंगीत साय होती. तिने यंत्र जवळ नेलं, ते ओरडायला लागलं. तिने ते पटकन बंद केलं आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "रिपोर्ट आल्याशिवाय मी काही बोलणार नाही." मेस्त्री कुंपणाच्या बाहेरच उभे होते. आत येत नव्हते.

"बाय, जरा दे इकडे," गोदूबाई म्हणाली. तिने थोडं पाणी वाटीत घेतलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. बराच वेळ. मग वाटी सावित्रीपुढे केली.

"करोना झाल्यापासून मला कसलाच वास येत नाय. भात करपतो, दूध लागतं, सून मुंबईतून फोनवर ओरडते. तू सांग. येतो?"

"त्या यंत्राने..."

"यंत्राला नाय इचारलं. तुला इचारते."

सावित्रीने मेस्त्रींकडे पाहिलं. ते खाली जमिनीकडे बघत होते, कुठे डाग राहिलाय ते शोधत असावेत तसे. मग ती वाटीवर वाकली. दोन वर्षं घरात डिझेल नव्हतं, नाक धुऊन निघालं होतं. वास आला तो सरळ आला. मेस्त्रींचा शर्ट, उशी, रात्री दमून शेजारी पडलेलं अंग. क्षणभर तिला बरंच वाटलं. त्याचीच तिला नंतर फार लाज वाटली.

"येतो," ती म्हणाली.

"कसला?"

"डिझेलचा. आमच्या डिझेलचा."

"म्हणजे माझ्या मनाला येत नव्हता."

"नव्हता, वयनी."

गोदूबाईने मान हलवली, जसं काही कुळथाचा भाव विचारला नि तो बरोबर निघाला. खुश मात्र दिसली नाही. वाटीतलं पाणी कुठे ओतावं ते तिला कळेना. शेवटी वेदिकेने ते आपल्या बाटलीत घेतलं.

कुंपणाबाहेरून मेस्त्रींनी विचारलं, "बाय, हे पुसून निघेल काय?"

"काका, खड्ड्याखालची माती, चिरा काढावा लागेल. पाणी वर्षानुवर्षं उपसावं लागेल. मग बघायचं."

"मी पुसलं असतं," मेस्त्री म्हणाले आणि काठी टेकत वर निघाले. चिपळूणची पार्टी, दुकानं, लॉज, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

वेदिका गेल्यावर दोघींनी जाळी पुन्हा ओढून घेतली. एका बाजूच्या गाठी सावित्री मारत होती, दुसरीकडच्या गोदूबाई.

"सुजयच्या हळदीला मग पाणी कुठलं घेतलंस?"

"बोअरच्या पंपाचं."

"कोमट असेल."

"होतं."

गोदूबाईने सावित्रीची एक गाठ ओढून बघितली. ती सुटली.

"घट्ट बांध गो," ती म्हणाली. "सवय म्हणून एखादा कळशी सोडायचा."

सावित्रीने गाठ सोडून परत बांधली.